हाताला ठाऊक असलेले घर

सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्यासारख्या गावात जुने घर पाडून नवे बांधायचे ठरते ते बहुतेक वेळा एकाच टप्प्यावर. मुले पुण्या-मुंबईत किंवा सांगलीत नोकरीला लागून स्थिरावलेली असतात, उसाच्या बिलातून आणि पगारातून थोडी शिल्लक पडलेली असते आणि आईवडिलांनी सत्तरी गाठलेली असते. हेतू चांगलाच असतो. म्हातारपणी गळकी कौले नकोत, रात्री परड्यातल्या संडासापर्यंत अंधारात जाणे नको, उंबऱ्याची ठेच नको, न्हाणीत वाकून पाणी घेणे नको. वर्षभरात सोपा, माजघर आणि परडे नाहीसे होते आणि तिथे स्लॅबचे, चकचकीत फरशीचे, खोलीलाच बाथरूम जोडलेले घर उभे राहते. घरातल्या इतरांना त्यात खरोखर सुख लाभते. पण आईला किंवा वडिलांना स्मृतिभ्रंश सुरू झालेला असेल, तर त्याच सुखात ते माणूस परके होऊन जाते. संडास कुठे आहे ते सापडत नाही, नळ फिरवायचा की वर उचलायचा ते उमगत नाही, आणि दिवे लागायच्या वेळेला “मला घरी जायचंय” ही एकच मागणी सुरू होते. सांभाळणाऱ्याला वाटते, आजार वाढला. आजार वाढलेला असेलही. पण त्या गोंधळाचा काही भाग आपणच विटा-सिमेंटने बांधलेला असतो.

स्मृतिभ्रंश झालेल्या आईला किंवा वडिलांना घरी सांभाळणे हे एक काम आहे. ते पगाराशिवाय, रजेशिवाय आणि बहुधा कुणी न शिकवता केले जाते, म्हणून त्याला काम म्हणायची आपल्याला सवय नाही. कुठल्याही कामाला अवजारे लागतात, तशी यालाही लागतात, आणि यातले सर्वांत मोठे अवजार म्हणजे ते घर. फाळ बोथट असेल तर बैलाला दोष देऊन नांगरट होत नाही. तसे घर साथ देत नसेल तर माणसाला पुन्हा पुन्हा समजावून किंवा रागावून काही साधत नाही. घर या कामाच्या सोयीचे करायलाच हवे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो काय बदलायचे आणि काय नाही, याचा. माझे म्हणणे एका वाक्यात मांडता येईल: डोळ्यांची जी गरज आहे ती भागवावी, हाताला जे ठाऊक आहे ते हलवू नये. या कसोटीवर घासून पाहिले, तर आपण मोठ्या खर्चाने करतो ते पुष्कळसे बदल नापास होतात आणि ज्यांना फारसा खर्च येत नाही असे बदल पास होतात.

या कसोटीचा आधार आजाराच्या स्वरूपातच आहे. स्मृतिभ्रंश हे मेंदूच्या अनेक विकारांतून उद्भवणाऱ्या लक्षणांचे नाव, आणि त्या विकारांत सर्वांत जास्त आढळतो तो अल्झायमर. अल्झायमरमध्ये आधी इजा होते ती हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासच्या भागाला, म्हणजे नवी आठवण साठवणाऱ्या यंत्रणेला. भाकरी थापणे, दाराची कडी काढणे, तांब्याने अंगावर पाणी घेणे, विळीवर भाजी चिरणे ही वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेली कौशल्ये मेंदूच्या वेगळ्या भागांत सांभाळली जातात आणि पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण हात पिठात गेला की भाकरी गोल होते, याचे कारण हेच. ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून आपण हा आजार वयावर ढकलतो आणि त्यामुळे दोन नुकसाने करतो. थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता यांसारखी बरी होऊ शकणारी कारणे तपासायची राहून जातात, आणि बुद्धी सगळीच गेली असे धरून चालल्याने जे शिल्लक आहे त्याकडेही लक्ष जात नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज दिला. शहरी भागात ते ५.३ टक्के, तर ग्रामीण भागात ८.४, पुरुषांत ५.८, तर स्त्रियांत ९. हा प्रश्न शहरातल्या फ्लॅटचा आहे त्याहून जास्त गावाकडच्या घराचा आहे, आणि आयुष्यातली पन्नास वर्षे एकाच स्वयंपाकघरात काढलेल्या बाईचा तर फारच.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉवेल लॉटन यांनी १९६८ साली मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. माणसाची क्षमता जितकी कमी, तितके त्याचे वागणे भोवतालच्या परिस्थितीवर जास्त अवलंबून, असे त्यांचे म्हणणे. तरणाताठा माणूस अंधाऱ्या बोळातूनही वाट काढतो. दृष्टी आणि आठवण अधू झालेल्याला त्याच बोळात भिंत लागते. म्हणून पहिली गरज डोळ्यांची. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. बाहुली आकसते, भिंग पिवळे पडते. त्यात अल्झायमरमुळे रंगांमधला फरक आणि खोली ओळखणे कठीण होते. बोस्टनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आजार पुढे गेलेल्या नऊ पुरुषांना पांढऱ्याऐवजी गडद लाल ताटवाट्या-पेल्यांत जेवण दिले, तर खाणे सरासरी २५ टक्क्यांनी आणि पिणे ८४ टक्क्यांनी वाढले. आपल्याकडे चकाकणाऱ्या स्टीलच्या ताटात पांढरा भात आणि वर दही वाढतो. समोरचे माणूस जेवत नाही म्हणून आपण चिंता करतो, आणि अन्न त्याला दिसलेलेच नसते. गडद रंगाचे एक ताट आणणे हाही घर बदलण्याचाच भाग आहे, आणि त्याला गवंडी लागत नाही.

याच नजरेने नव्या घराची फरशी पाहावी. पॉलिश केलेली फरशी ट्यूबलाइटच्या प्रकाशात ओली दिसते, तिच्यावर पाणी सांडले आहे असे वाटून पाऊल थबकते. खोलीच्या दारात शोभेसाठी बसवलेली काळ्या ग्रॅनाइटची पट्टी अशा डोळ्यांना खड्ड्यासारखी दिसू शकते, आणि मग माणूस उंबरा नसलेल्या दारातही पाय उंच टाकते किंवा पुढे यायलाच नकार देते. त्यावर फरशीच्याच रंगाचे, न सरकणारे काहीतरी चिकटवले तरी भागते. झोपायच्या खोलीत पलंगासमोर आरशाचे लोखंडी कपाट असते. स्वतःचा चेहरा ओळखू येईनासा झाला की त्या आरशात रात्री कुणीतरी अनोळखी उभे असते. आरशावर पडदा टाकला की ती भीती जाते. संध्याकाळी वाढणारी घालमेल हे या आजाराचे नेहमीचे लक्षण. प्रकाश उतरतो, सावल्या लांबतात, खिडकीच्या काचेत आकृत्या दिसू लागतात. नेदरलँड्समधल्या बारा निवासी केंद्रांतला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर भरपूर उजेड ठेवलेल्या ठिकाणी नैराश्याची लक्षणे १९ टक्क्यांनी कमी दिसली आणि बुद्धीची घसरणही किंचित मंदावली. आपल्याकडे दिवेलागणीची वेळ पाळायची रीत होतीच: तिन्हीसांजेला निजायचे नाही, अंधार पडायच्या आत दिवा लावायचा, देवापुढे बसायचे. ती रीत सूर्य मावळायच्या अर्धा तास आधीच पाळावी, घरभर दिवे लावून पडदे ओढावेत, आणि वीज जाते अशा गावात एक इन्व्हर्टर किंवा चार्जिंगचा दिवा न्हाणीच्या वाटेवर कायमचा ठेवावा.

डोळ्यांच्या गरजा भागवताना जे काही जोडले जाते, ते नव्याने शिकावे लागत नाही. उजेड शिकावा लागत नाही, भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचे संडासाचे दार शिकावे लागत नाही, हाताच्या उंचीवर बसवलेली आधाराची दांडी हात आपोआप धरतो. शिकावे लागते ते दुसरेच: वर उचलायचा नळ, ढकलायचे की ओढायचे ते न कळणारे दार, गुंडीऐवजी बोटाने दाबायची काचेची शेगडी, शॉवर. आयुष्यभर बादली-तांब्याने अंघोळ केलेल्या माणसाच्या डोक्यावर अचानक वरून पाणी पडले तर ते घाबरून ओरडते, आणि आपण त्याला अंघोळीचा हट्ट म्हणतो. बादली, तांब्या, बसायला पाट किंवा बुटके स्टूल एवढे ठेवले तर हात पुढचे काम पुष्कळदा स्वतःच करतात. संडासाचा प्रश्न जास्त अवघड आहे. गुडघे बसू देत नाहीत म्हणून कमोड बसवावा तर तो कशासाठी आहे हेच ओळखू येत नाही. इथे काळ महत्त्वाचा. शिकावा लागणारा बदल टाळता येण्यासारखा नसेल, तर तो आजार सुरुवातीला असतानाच करावा, एका वेळी एकच करावा आणि रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने सवय लावावी. उशीर झाला असेल तर जुन्या भांड्यावर ठेवायची भोकाची खुर्ची हा मधला मार्ग उरतो: जागा तीच, दिशा तीच, फक्त बसणे उंच.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा असतो, आणि तो रास्त आहे. जुने ठेवा, ठेवा म्हणताना उंबऱ्यावर पडून माकडहाड मोडले, गॅस उघडा राहिला, तर काय? धोका काढायलाच हवा. फक्त तो काढताना माणसाला त्याच्या कामातून काढू नये. आईच्या बाबतीत आपण पहिली गोष्ट करतो ती तिला स्वयंपाकघरात येऊ न देणे. त्याऐवजी सिलिंडरचा रेग्युलेटर प्रत्येक वेळी बंद करायची शिस्त घरातल्या इतरांनी लावून घेतली, सुऱ्या आणि फिनेल-अ‍ॅसिड कुलपात ठेवले, गिझरचे तापमान उतरवले, तर शेगडी धोक्याची उरत नाही आणि स्वयंपाकघर तिचेच राहते. लसूण सोलणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, मेथी निवडणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे ही तिच्या हाताची कामे आहेत. घडी वाकडी पडली तर काही बिघडत नाही. हात रिकामे राहिले की मात्र दुपारपासून येरझाऱ्या सुरू होतात. उंबऱ्याचेही तसेच. तो काढून टाकण्याआधी पाहावे: पन्नास वर्षे त्या उंबऱ्यावरून उचलले गेलेले पाऊल अजून आपोआप उचलले जाते का? जात असेल तर उंबऱ्याच्या कडेला उठून दिसणाऱ्या रंगाची पट्टी आणि बाजूला दांडी पुरते. पाऊल घासत चालायला लागले असेल, तर मात्र भावनेपोटी उंबरा राखू नये; तिथे हाताला ठाऊक असलेलेच संपलेले असते.

सुरक्षेचा सर्वांत कठीण भाग म्हणजे घराबाहेर पडणे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटातले संस्कृत पंडित भर रस्त्यात हत्तीमागे निघून जातात, डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेली ती भूमिका पाहिलेल्यांना या आजारातले हरवणे किती क्षणात घडते ते माहीत आहे. शहरात हरवलेले माणूस निदान कुणाच्या तरी नजरेस पडते. आमच्या भागात घराच्या मागे ऊस लागतो. दहा महिन्यांचा ऊस माणसाच्या डोक्यावरून जातो. सरीत शिरलेले म्हातारे माणूस बांधावरून दिसत नाही, आणि पलीकडे विहीर किंवा पाट असतो. गळीत हंगामात कारंदवाडी, साखराळे, वाळव्याच्या कारखान्यांकडे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. म्हणून कुलूप लावून टाकावे असे वाटणे साहजिक आहे. पण कुलूप लावलेले दार दिसत राहते, उघडत नाही, आणि बंदिवासाची जाणीव आठवण नसतानाही होते. आग लागली तर तेच कुलूप जिवावर येते. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दाराची मूठ कापडाने नुसती झाकल्यावर रुग्णांचे बाहेर पडण्याचे प्रयत्न थांबले. दार अडवण्यापेक्षा ते नजरेआड करणे कमी दुखावणारे आहे. परड्याच्या दाराला भिंतीच्या रंगाचा पडदा, उघडताच वाजणारी घंटा, अंगावरच्या कपड्यात शिवलेला फोन नंबर, आणि त्याच वेळी पुढच्या दाराने, कुणाच्या तरी सोबतीने, रोज ठरलेल्या वेळी एक फेरी. बाहेर जायची ओढ मारायची नाही, तिला वाट करून द्यायची.

दुसरा आक्षेप असा की हे सारे शहरातल्या एकट्या घरांसाठी. गावात गल्लीच सांभाळते, घर बदलायची गरज काय? गल्लीची ताकद खोटी नाही. नेदरलँड्समधल्या वेस्प गावी २००९ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी होगेवेक नावाची वसाहत उभारली गेली, तिच्यात रस्ता, दुकान, बसायच्या जागा मुद्दाम बांधल्या, कारण ओळखीच्या चालीचे जगणे हा उपचाराचा भाग आहे हे तिथल्या लोकांनी ओळखले. आष्ट्यात ते बांधावे लागत नाही. सोप्यात किंवा कट्ट्यावर बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा हाक मारतो, चौंडेश्वरीच्या भावई उत्सवाच्या दिवसांत पावले सवयीने देवळाकडे वळतात. पण गल्लीला आजार सांगितला तरच ती सांभाळते. लाजेपोटी आपण तो लपवतो, आणि मग परड्यातून निघालेल्या आजोबांना शेजारी ‘रानात चाललेत’ म्हणून जाऊ देतात. म्हणून चार घरांना, किराणा दुकानदाराला आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला सांगून ठेवणे हे घराच्या बदलातले पहिले काम. आणि नवे घर बांधायचेच असेल, तर रस्त्याकडे तोंड करून बसायची ती जागा भिंतीआड किंवा उंच फाटकाआड घालवू नये. सोपा गेला की गल्ली आपोआप जाते.

तिसरा आक्षेप अभ्यासकांकडून यावा असा आहे: या बदलांनी फरक पडतो याचा पुरावा कितीसा? लहान लहान प्रयोग, नऊ माणसे, बारा केंद्रे. हे खरे आहे आणि ते लपवू नये. फिलाडेल्फियात लॉरा गिटलिन यांच्या गटाने १७१ कुटुंबांबरोबर केलेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरी जाऊन वातावरण बदलायला शिकवल्यावर रोजच्या कामांतली घसरण थोडी मंदावली, थोडीच. नेदरलँड्समध्ये २००६ साली अशाच घरपोच मार्गदर्शनाचा चांगला परिणाम दिसला, पण पुढे ब्रिटनमध्ये तीच पद्धत ४६८ जोड्यांवर वापरली तेव्हा २०२१ साली आलेल्या निष्कर्षात फायदा आढळला नाही. मला यातून दोन गोष्टी समजतात. एक, घर म्हणजे औषध नव्हे. त्याने आजार थांबत नाही, आणि तसे सांगून कुणी काही विकत असेल तर विश्वास ठेवू नये. दुसरी, एका ठिकाणची पद्धत उचलून दुसरीकडे बसवली की चालेलच असे नाही. म्हणून परदेशी यादीपेक्षा कसोटी हाती असणे बरे. आणि पुरावा कमी असताना बदल कसा निवडावा, हेही त्यातूनच ठरते: स्वस्त, उलटा फिरवता येणारा, ज्याने कुणाचे नुकसान होत नाही असा. दिवा, पडदा, रंगाची पट्टी चुकली तर उद्या काढता येते. पाडलेले माजघर परत येत नाही.

आजार पुढेच जाणार, मग हे केलेले सहा महिन्यांत निरुपयोगी ठरणार, असेही म्हटले जाते. ठरेलही. पण सहा महिने स्वतःच्या हाताने तांब्या उचलणे ही लहान गोष्ट नाही. ना उचलणाऱ्याला, ना जिला नाहीतर ती अंघोळ घालावी लागली असती तिला. आणि ती बहुतेक घरांत सूनच असते. घर एकट्या आजारी माणसाचे नाही, त्यात सून आणि नातवंडेही राहतात, हा आक्षेप खरे तर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलांच्या अभ्यासाला कोपरा हवा, सुनेला उभ्याचा ओटा हवा, तिला रात्रीची सलग झोप हवी. जुने घर जसेच्या तसे जपायचे आणि त्याची किंमत तिच्या कमरेने मोजायची, हा न्याय नव्हे. म्हणून जपायचे ते सगळे घर नव्हे, एक वाट: पलंग, न्हाणी, देव्हारा, बसायची जागा आणि यांना जोडणारा रस्ता. तेवढा पट्टा तसाच राहिला तर बाकी घर बदलायला हरकत नाही. सांभाळणारीलाही कुणीतरी सांभाळावे लागते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ या मोफत हेल्पलाइन घरात सर्वांना दिसतील अशा लिहून ठेवाव्यात, आणि आठवड्यातला एक दिवस मुलाने किंवा मुलीने तिच्या जागी उभे राहावे.

काही घरे तर पाडून झालेली असतात. तिथेही ही कसोटी कामाला येते. नव्या खोलीत पलंग जुन्या खोलीतल्यासारखाच, उठल्यावर त्याच हाताला दार येईल असा लावता येतो. देव्हारा जुनाच, त्याच दिशेला ठेवता येतो. ट्रंक, खुंटीला अडकवलेला टॉवेल, आईच्याच लुगड्यांची शिवलेली वाकळ, पाणी प्यायचा तोच तांब्या, ही परकेपण कमी करणारी सामग्री माळ्यावर किंवा भंगारात गेलेली असते. ती परत आणावी. नळ फिरवायचे बसवून घ्यावेत. आणि अजून पाडायचे ठरत असेल, तर गवंड्याला बोलावण्याआधी एक पूर्ण दिवस, पहाटेपासून निजेपर्यंत, आईच्या किंवा वडिलांच्या मागे मागे काही न बोलता राहावे. कुठे पाऊल थबकते, कुठे नजर चुकते, कुठल्या दारापाशी गोंधळ होतो ते लिहून काढावे; तिथे दिवा द्यावा, रंग द्यावा, दांडी द्यावी. आणि जिथे हात न विचारता खुंटीपाशी जातो, कडी काढतो, अंधारातही माठावरचे झाकण उचलतो, त्या जागांवर खडूने खूण करावी. तिथे थापी लागू देऊ नये.